कंट्रोलर म्हणतो बॅटरी फुल, मग रात्री ९ ला अंधार का?

सोलर पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा डबा म्हणजे चार्ज कंट्रोलर. त्याच्याबद्दलची तक्रार ठरलेली असते. दुपारी १२-१ वाजताच कंट्रोलरच्या स्क्रीनवर बॅटरीचं चित्र पूर्ण भरलेलं, हिरवा दिवा स्थिर. संध्याकाळी दोन दिवे आणि एक पंखा लावला की रात्री ९ च्या आत लोड बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा 'फुल'. आठवडाभर हे चाललं की माणूस कंट्रोलर बदलतो. नवा बसवल्यावर चार दिवस बरे जातात, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

या फेऱ्यात मी स्वतः दोन कंट्रोलर अडगळीत टाकले. दोन्ही ठणठणीत होते हे वर्षभराने कळलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. म्हणून नवीन कंट्रोलर घेण्याआधी एक साधा मल्टीमीटर आणि जमलं तर डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर हाताशी घ्या. क्लॅम्प मीटर घेताना डीसी मोजतो का ते बघूनच घ्या, बरेच स्वस्त मीटर फक्त एसी मोजतात.

कंट्रोलरला नक्की काय दिसतं

बॅटरीत किती वीज आहे हे कंट्रोलरला माहीत नसतं. त्याला फक्त त्याच्या स्वतःच्या बॅटरी-टर्मिनलवरचे व्होल्ट दिसतात, आणि त्यावरून तो टक्के आणि चित्र काढतो. चार्जिंग चालू असताना हे व्होल्ट फुगलेले असतात आणि लोड चालू असताना दबलेले. म्हणजे टक्केवारी हा अंदाज आहे, तोही अशा वेळी केलेला की अंदाज चुकणारच.

खरे व्होल्ट बघायचे तर पॅनल आणि लोड दोन्ही बंद ठेवून बॅटरीला किमान २ तास स्वस्थ पडू द्या आणि मीटर थेट बॅटरीच्या खुंट्यांवर लावा. इथे आणि पुढेही, वेगळं सांगितलं नसेल तर, आकडे १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीचे आहेत. २४ व्होल्टसाठी दुप्पट करा. १२.७ च्या आसपास असेल तर भरलेली, १२.१ ते १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारी नळी) याहून खरं सांगतो: सगळे सेल सारखे आहेत का, की एकच मागे पडलाय, हे व्होल्टवरून कळत नाही.

लिथियमला (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकार) हा हिशेब अजिबात लावू नका. ती बॅटरी बराचसा मधला पल्ला १३.२-१३.३ व्होल्टवरच काढते. ८० टक्के आणि ४० टक्के यांत मीटरवर जेमतेम फरक दिसतो. तिथे शंट (करंट मोजण्यासाठी वाटेत बसवलेला अगदी कमी रोधाचा तुकडा) लावून आत-बाहेर गेलेले अँपिअर-तास मोजणारा मॉनिटरच हवा.

पहिली तपासणी: दोन ठिकाणी मोजा, फरक बघा

कडक उन्हात, चार्जिंग जोरात चालू असताना, मीटर आधी कंट्रोलरच्या बॅटरी-टर्मिनलवर लावा आणि लगेच बॅटरीच्या खुंट्यांवर. दोन्ही आकडे लिहून ठेवा. ०.१-०.२ व्होल्टचा फरक चालतो. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त असेल तर चोर सापडला: कंट्रोलर आणि बॅटरीमधली वायर किंवा तिचे जोड.

माझ्याकडे हा फरक ०.९ होता. हिशेब केला असता तर मीटर न लावताही कळलं असतं. तांब्याच्या १ चौ. मिमी जाडीच्या १ मीटर वायरचा रोध साधारण ०.०१७५ ओहम. बॅटरी ३ मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन ६ मीटर. वायर २.५ चौ. मिमीची. ०.०१७५ × ६ ÷ २.५ = ०.०४२ ओहम. त्यातून २० अँपिअर गेले की ०.८४ व्होल्ट वाटेतच गळतात. उरलेला वाटा एका लगचा, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कानाचा, होता. त्यात वायरच्या निम्म्याच तारा दाबल्या गेल्या होत्या आणि बाकीच्या बाहेर मिशांसारख्या लोंबत होत्या. हात लावला तर चटका बसत होता.

आता काय होतं बघा. कंट्रोलरला त्याच्या टर्मिनलवर १४.४ दिसतात तेव्हा बॅटरीवर प्रत्यक्षात १३.५ च असतात. पण तो १४.४ गाठले असं समजून करंट आवरता घेतो. करंट उतरला की वायरमधली गळतीही उतरते, त्यामुळे भरपूर वेळ मिळाला तर बॅटरी शेवटी भरतेही. पण सूर्य तेवढा वेळ थांबत नाही, आणि बरेच कंट्रोलर ठरावीक वेळ झाली की सरळ फ्लोटवर, म्हणजे १३.५-१३.८ च्या नुसत्या सांभाळण्याच्या टप्प्यावर, जातात. रोज थोडी अर्धपोटी राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी मग सल्फेट धरते. पांढरा थर प्लेटांवर कडक होतो, क्षमता कायमची जाते. वायरीत वाचवलेले पैसे बॅटरीत जातात.

उपाय: कंट्रोलर बॅटरीजवळ आणा, १ मीटरच्या आत आला तर उत्तम. लांब वायर पॅनलकडच्या बाजूला जाऊ द्या. कंट्रोलर एमपीपीटी जातीचा असेल (ते काय, पुढे येतंच) तर तिकडे व्होल्ट जास्त आणि करंट कमी असतो, गळती कमी होते. वर सांगितलेल्याच अंतराला १० चौ. मिमी वायर घातली तर गळती ०.२१ व्होल्टवर येते. स्क्रूखाली सुट्या तारा दाबू नका, फेरूल (तारांवर बसवायची छोटी नळी) किंवा लग नीट क्रिंप करून, म्हणजे घट्ट दाबून, लावा, आणि आठवड्याने सगळे स्क्रू पुन्हा आवळा. तांबं दाबाखाली थोडं बसतं आणि जोड सैल होतो.

फरक नाही, पण करंटच कमी येतोय

इथे बहुतेक वेळा पॅनल आणि कंट्रोलरची जोडीच चुकलेली असते. कंट्रोलर दोन जातींचे. पीडब्ल्यूएम म्हणजे एक वेगवान स्विच: पॅनल बॅटरीला जोडतो, सोडतो, जोडतो. जोडलेलं असताना पॅनलचे व्होल्ट बॅटरीइतके खाली ओढले जातात आणि वरचे व्होल्ट फुकट जातात. एमपीपीटी म्हणजे आत कॉइल असलेला कन्व्हर्टर. तो पॅनलला त्याच्या सोयीच्या व्होल्टवर चालू देतो आणि जास्तीच्या व्होल्टांचा करंट करून बॅटरीला देतो.

६० सेलचा ३०० वॅटचा पॅनल घ्या. कामाचे व्होल्ट साधारण ३२, करंट ९.४ अँपिअर. पीडब्ल्यूएम लावून १३ व्होल्टच्या बॅटरीवर टाकला तर करंट तोच ९.४ च्या आसपास. गुणाकार केला की १२५ वॅटसुद्धा होत नाहीत. निम्म्याहून जास्त पॅनल छतावर नुसता शोभेला. "३०० वॅट लावले तरी बॅटरी भरत नाही" म्हणणाऱ्यांपैकी किती जणांकडे हीच जोडी निघाली याची मी मोजदाद सोडून दिली आहे.

याचा अर्थ पीडब्ल्यूएम वाईट असा नाही. ३६ सेलचा '१२ व्होल्टी' पॅनल (उघडे, म्हणजे काही न जोडता मिळणारे व्होल्ट २१-२२, कामाचे १८) आणि १२ व्होल्टची बॅटरी ही त्याची हक्काची जागा. तापलेल्या पॅनलचे कामाचे व्होल्ट आणखी खाली येतात, त्यामुळे कडक उन्हात एमपीपीटी तिथे फारसं जास्त देऊ शकत नाही. एका १०० वॅटच्या पॅनलसाठी चांगला पीडब्ल्यूएम पुरे, असं माझं मत आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरात एमपीपीटी छापलेलं असतं आणि आत पीडब्ल्यूएम निघतो. ओळखायची रीत सोपी. चार्जिंग जोरात चालू असताना पॅनलच्या टर्मिनलवरचे व्होल्ट मोजा. ३२ व्होल्टचा पॅनल तिथे १३-१४ दाखवत असेल तर तो पीडब्ल्यूएम. ३० च्या आसपास दाखवत असेल आणि बॅटरीत जाणारा करंट पॅनलकडून येणाऱ्या करंटपेक्षा स्पष्ट जास्त असेल तर तो खरा एमपीपीटी. ही चाचणी बॅटरी थोडी उतरलेली असतानाच करा. भरलेल्या बॅटरीवर करंट आधीच आवरलेला असतो आणि निष्कर्ष चुकतो. शिवाय खऱ्या एमपीपीटीचं वजन हातालाच कळतं, कॉइल आणि हीटसिंक हलके नसतात.

उलटीही चूक होते: एकच ३६ सेलचा पॅनल आणि २४ व्होल्टची बॅटरी. पॅनलचे व्होल्ट बॅटरीच्या वर जातच नाहीत, चार्जिंग शून्य. एमपीपीटीलाही सुरू व्हायला पॅनलचे व्होल्ट बॅटरीपेक्षा काही व्होल्ट वर लागतात, माहितीपत्रकात तो आकडा दिलेला असतो.

नवीन घ्यायचाच असेल तर दोन आकडे

पहिला, आणि जीवघेणा, पॅनलकडून सहन होणारे कमाल व्होल्ट. पॅनलमागच्या पट्टीवर उघडे व्होल्ट लिहिलेले असतात ते २५ अंश सेल्सिअसचे. थंडीत ते वाढतात, दर अंशाला साधारण ०.३ टक्का. समजा ४९.५ व्होल्टचे दोन पॅनल सिरीजमध्ये जोडले: ९९. कंट्रोलर १०० व्होल्टचा. कागदावर बसलं. मग एका गार सकाळी, १० अंशांवर, पॅनलवर पहिलं ऊन पडतं, पॅनल अजून तापलेला नाही, आणि व्होल्ट १०३ च्या वर जातात. कंट्रोलर तिथेच संपतो. करंट थोडा जास्त झाला तर चांगला एमपीपीटी तो छाटून टाकतो, पण व्होल्ट जास्त झाले तर त्याला वाचवणारं काही नसतं. म्हणून सिरीजची बेरीज कंट्रोलरच्या मर्यादेच्या ८०-८५ टक्क्यांतच ठेवा.

दुसरा आकडा अँपिअरचा. एमपीपीटीसाठी पॅनलचे वॅट भागिले बॅटरीचे व्होल्ट: ४०० वॅट, १२ व्होल्ट, म्हणजे ३३, ४० चा घ्या. तेच २४ व्होल्टवर १७ येतात, २० चा चालतो. पीडब्ल्यूएमसाठी पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट (दोन्ही टोकं थेट जोडली तर वाहणारा) घेऊन त्याला १.२५ ने गुणा. जाता जाता बॅटरीकडेही बघा: लेड-ॲसिडला क्षमतेच्या १० ते २० टक्के करंट मानवतो. १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत ३३ अँपिअर कोंबले तर ती तापेल आणि पाणी उडवेल.

सेटिंग कुणी बघितलंच नाही

कंट्रोलर कारखान्यातून ज्या सेटिंगवर येतो त्यावरच वर्षानुवर्षं चालतो. पाण्याच्या (झाकणं उघडून पाणी घालायच्या) बॅटरीला १४.४ ते १४.८, एजीएमला (सीलबंद, आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेलं) १४.४ ते १४.६, जेलला (सीलबंद, आम्ल जेलीसारखं घट्ट) १४.१-१४.२, ही मुख्य चार्जिंगची साधारण पातळी. बॅटरीच्या अंगावर किंवा कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच खरा. जेलच्या सेटिंगवर पाण्याची बॅटरी ठेवली की ती रोज थोडी उपाशी. उलट केलं तर जेल फुगून वाळते.

इक्वलायझेशन, म्हणजे मुद्दाम १५ व्होल्टच्या आसपास नेऊन सगळे सेल एका पातळीला आणणं, फक्त पाण्याच्या बॅटरीसाठी. सीलबंद बॅटरीत आणि लिथियममध्ये ते बंदच ठेवा. लिथियमला तापमान-भरपाईही (बॅटरीच्या तापमानाप्रमाणे चार्जिंग व्होल्ट कमी-जास्त करणं) शून्य करा, आणि ० अंशाखाली तिला चार्ज करू नका.

लेड-ॲसिडला मात्र तापमान-भरपाई हवीच. दर सेलला दर अंशामागे साधारण ४ मिलिव्होल्ट, म्हणजे ६ सेलच्या बॅटरीला २४. बॅटरी ४० अंशांवर, म्हणजे २५ पेक्षा १५ अंश वर, असेल तर १४.४ चे १४.०४ व्हायला हवेत. सेन्सर कंट्रोलरच्या पोटात असेल, कंट्रोलर तापलेल्या भिंतीवर आणि बॅटरी गार कोपऱ्यात असेल, तर तो बॅटरीला गरज नसताना कमी चार्ज करणार. बाहेर काढता येणारा सेन्सर असेल तर बॅटरीच्या अंगाला चिकटवा.

'लोड परत येतच नाही'

ही बिघाडाची तक्रार नाहीच. बऱ्याच छोट्या कंट्रोलरमध्ये लोड ११.१ ला तुटतो आणि १२.६ झाल्याशिवाय परत जोडला जात नाही. लोड सुटला की बॅटरी आपोआप १२ च्या वर जाते. तेवढ्यावर परत जोडलं असतं तर दिवा रात्रभर लागत-विझत राहिला असता. म्हणजे सकाळच्या उन्हाची वाट बघायची.

इन्व्हर्टर कंट्रोलरच्या लोड-टर्मिनलला कधीही जोडू नका. ५०० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर ४० अँपिअरच्या वर ओढतो आणि सुरू होतानाचा झटका त्याहून मोठा असतो. तो थेट बॅटरीवर, स्वतःच्या फ्यूजमधून. पण मग बॅटरी वाचवायची जबाबदारी कंट्रोलरकडे राहत नाही. इन्व्हर्टर आपल्या मर्यादेला तुटतो आणि ती अनेकदा १०.५ व्होल्ट असते. हलक्या लोडवर १०.५ पर्यंत गेलेली बॅटरी पार पिळून निघालेली असते. मर्यादा बदलता येत असेल तर वर न्या.

आणखी एक गुपचूप खाणारा: बिनकामाचा चालू असलेला इन्व्हर्टर. नुसता जागा राहायला १५ वॅट घेत असेल तर २४ तासांत ३६० वॅट-तास. १०० वॅटचा पॅनल चांगल्या दिवशी सगळी गळती वजा जाता ३००-४०० वॅट-तास देतो. म्हणजे दिवा एकही न लावता दिवसाची कमाई गेली. हा हिशेब कागदावर मांडला की बऱ्याच ठिकाणी 'बिघाड' तिथेच सापडतो: वायर बरोबर, कंट्रोलर बरोबर, सेटिंग बरोबर, फक्त आवक कमी आणि जावक जास्त.

हात घालण्याआधी

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल, मग बॅटरी. १२ की २४ हे कंट्रोलर बॅटरी बघून ठरवतो. बॅटरीआधी पॅनल जोडला तर तो चुकीचं ठरवू शकतो, आणि पॅनल चालू असताना बॅटरी निघाली तर काही कंट्रोलरमध्ये पॅनलचे पूर्ण व्होल्ट थेट लोडवर येतात. लिथियमच्या आतल्या संरक्षण-सर्किटने स्वतःहून बॅटरी तोडली तरी हाच प्रकार, म्हणून तिची तोडायची मर्यादा कंट्रोलरच्या चार्जिंग व्होल्टच्या वर असायला हवी.

पॅनलला बंद करायचं बटण नसतं. ऊन आहे तोवर तो जिवंत. एकतर मध्ये डीसी ब्रेकर ठेवा किंवा जाड कापडाने पॅनल झाका. करंट वाहत असताना पॅनलचे कनेक्टर ओढून काढू नका, ठिणगी लांब ताणली जाते. घरातला एसीचा एमसीबी इथे वापरू नका. एसीमध्ये करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी तिथे विझते. डीसीत तो शून्यावर येतच नाही. डीसी एमसीबीवर अधिक-उणे खुणा असतील तर त्या दिशेनेच जोडा.

फ्यूज बॅटरीच्या अधिक खुंटीपासून वीतभर अंतरात हवा. तो कंट्रोलरसाठी नाही, वायरसाठी आहे. बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते, लाल झालेली वायर पेटायला वेळ लागत नाही. २० अँपिअरच्या कंट्रोलरला ६ चौ. मिमी वायर आणि २५ किंवा ३० चा फ्यूज ठीक. काम करताना अंगठी आणि घड्याळ काढा, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. पाण्याच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत ४ टक्के झाला की पेट घेतो, म्हणून कंट्रोलर आणि बॅटरी एकाच बंद पेटीत ठेवू नका. आम्लाच्या वाफेने कंट्रोलरच्या टर्मिनलवर हिरवट गंज चढतो तोही टळेल. कंट्रोलर भिंतीवर उभा, वर-खाली वीतभर मोकळी जागा सोडून.

सगळं बरोबर, तरीही अंधार

मग बॅटरीच संपलीय. खूण अशी: सकाळी ९-९.३० लाच १४.४, आणि वायरमध्ये फरकही नाही. इथे कंट्रोलर खोटं बोलत नाही. बॅटरी खरंच भरलीय, फक्त घागरीची वाटी झालीय. खात्रीसाठी पूर्ण चार्ज करून विसावू द्या आणि १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीवर ५ अँपिअरचा लोड टाका. नवी बॅटरी निम्मी व्हायला १० तास घेते. तुमची २-३ तासांतच १२ च्या खाली आली तर कंट्रोलर बदलून काही होणार नाही.

माझं झालं असं की वायर १० चौ. मिमीची घातली, लग नवे लावले, फरक ०.९ वरून ०.१५ वर आला, आणि तरी दिवे ११ लाच गेले. वर्षभर अर्धपोटी राहिलेली बॅटरी तोवर खलास झाली होती. नवी बॅटरी आणली आणि अडगळीतल्या दोनांपैकी पहिला कंट्रोलर पुसून पुन्हा बसवला. आजही तोच चालू आहे. त्याच्या स्क्रीनवर मी कागदाची पट्टी चिकटवली आहे, आणि शेजारी खिळ्याला मीटर टांगला आहे.